वरच्या बाथरूमची ओल खालच्या छतावर: आधी पाणी शोधा, बिल नंतर

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातली चार मजली, १६ फ्लॅटची, साधारण २८ वर्षं जुनी सोसायटी. दुसऱ्या मजल्यावरच्या एका सभासदांच्या बाथरूमच्या छताला ओल आलीय, पोपडे पडतायत, आता ओल पॅसेजच्या भिंतीवरही उतरली. वरचे म्हणतात, आमच्याकडे सगळं कोरडं आहे, बिल्डिंगच जुनी झाली. सेक्रेटरी म्हणतात, दोन सभासदांमधला मामला आहे, तुमचं तुम्ही मिटवा. प्रश्नकर्त्यांनी छताचे फोटो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले आणि तेव्हापासून वरच्यांनी बोलणंच सोडलंय. आता त्यांच्या मनात आहे की काम होईपर्यंत मेंटेनन्स भरायचा नाही. हे बरोबर का, आणि दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा?

मी सिव्हिल इंजिनिअर. सोसायट्यांच्या दुरुस्त्यांची कामं बघतो, आणि आमच्या सोसायटीत सेक्रेटरीची खुर्चीही सांभाळलीय. त्यामुळे हे भांडण मी तिन्ही बाजूंनी पाहिलंय.

सगळ्यात आधी एक तातडीचं. बाथरूमच्या छतातल्या दिव्याजवळ किंवा गीझरच्या पॉइंटजवळ ओल असेल तर त्या लाइनचा एमसीबी आजच खाली करा आणि इलेक्ट्रिशियनला दाखवा. बाकी सगळं पुढच्या आठवड्यात केलं तरी चालेल, हे नाही.

मेंटेनन्स थांबवू नका. राग समजतो, पण यात नुकसान फक्त तुमचंच आहे. तुमचे पैसे थांबल्याने वरच्यांचं काहीच बिघडत नाही. वॉचमनचा पगार, लिफ्ट असेल तर तिच्या वार्षिक देखभालीचं कंत्राट (एएमसी), पंपाचं वीजबिल हे सगळं त्याच पैशांतून जातं, म्हणजे उरलेल्या पंधरा घरांना तुम्ही विनाकारण विरोधात उभं करता. शिवाय कायद्याने तुम्ही थकबाकीदार ठरता. २०१४ च्या आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या कारभाराच्या नमुना नियमांत, थकबाकीवर कमाल द.सा.द.शे. २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावायची मुभा आहे. तुमच्या सोसायटीने किती ठरवलाय ते तुमच्या उपविधींच्या पुस्तिकेत बघा. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली सोसायटीला वसुलीचा दाखला मिळवता येतो आणि मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. थकबाकीदाराला कमिटीवरही जाता येत नाही. उद्या प्रकरण सहकार न्यायालयात गेलं तर समोरचा वकील पहिलं वाक्य हेच उच्चारेल की अर्जदार स्वतःच थकबाकीदार आहेत. तेव्हा बिल भरा, हवं तर पावतीसोबत तक्रारीचं पत्र जोडा, पण भरा.

आता मुख्य विषय, पाणी. अशा बहुतेक वादांत पाणी कुठून येतंय हे कुणालाच ठाऊक नसतं आणि तरी खर्च कुणी करायचा यावर महिनोन् महिने भांडण चालतं. वरचे "आमच्याकडे कोरडं आहे" म्हणतात ते बहुधा खरंच सांगतात. त्यांची फरशी वरून कोरडीच असते. पाणी फरशीच्या खाली असतं.

तुमच्या काळातल्या बिल्डिंगमध्ये बाथरूमचा स्लॅब बाकी खोल्यांपेक्षा खाली घेतलेला असतो, सनकन स्लॅब. त्या खड्ड्यात पाइप टाकतात, वर विटांच्या तुकड्यांचा भराव, त्यावर कोबा, त्यावर फरशी. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या जाळीखालच्या सांडपाण्याच्या भांड्याच्या, भोवतीचा सांधा सुटला किंवा फरशीच्या दर्जांमधलं सिमेंट झिजलं की आंघोळीचं पाणी थोडं थोडं त्या भरावात मुरतं. भराव स्पंजासारखा भरत जातो. तो पूर्ण भिजला की मग कुठे स्लॅबमधून खाली पाझर सुरू होतो. म्हणजे गळती आज सुरू झालेली नसते, कधी कधी वर्षभर आधीची असते. याच कारणाने दुरुस्ती झाल्यावरही खाली थेंब पडणं कित्येक आठवडे थांबत नाही. हे माहीत नसलं की खालचे म्हणतात काम फसलं, वरचे म्हणतात बघा, आमचा दोष नव्हताच, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

ओलीचं वेळापत्रक बघा. दहा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ एकाच जागेवरून फोटो काढा आणि वरच्यांकडे कोण कधी घरी होतं याची साधी नोंद ठेवा. सकाळी आंघोळी झाल्यावर तासा-दोन तासांनी डाग गडद होत असेल आणि ते चार दिवस गावाला गेले की फिका पडत असेल, तर सांडपाण्याची बाजू, म्हणजे ट्रॅप, फरशी किंवा ट्रॅपपासून डक्टपर्यंतचा (उभ्या पाइपांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेपर्यंतचा) पाइप. ते घरी असोत-नसोत, थेंब एकाच लयीत पडत असेल तर भिंतीतली नळाची लाइन गळतेय असं धरा, कारण तिच्यात टाकीच्या उंचीचा दाब चोवीस तास असतो. आणि फक्त पावसाळ्यातच वाढत असेल तर बाथरूमचा संबंध कमी, बाहेरच्या भिंतीच्या भेगा किंवा डक्टमधले जुने पाइप आधी तपासायचे.

नळाच्या लाइनचा संशय असेल तर चाचणी फुकट आहे. गच्चीवर त्यांच्या फ्लॅटचा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवायला सांगा. सकाळी थेंबांचा वेग कमी झाला तर उत्तर मिळालं. फरशीची चाचणी जरा वेळखाऊ: ट्रॅपच्या तोंडावर कापडाचा किंवा रबराचा बोळा घट्ट बसवायचा, फरशीवर दोन इंच पाणी साठवायचं, त्यात खाण्याचा रंग मिसळायचा आणि २४ ते ४८ तास तसंच ठेवायचं. उंबरा बुटका असेल तर आधी सिमेंटचा तात्पुरता बांध घालावा लागतो, नाहीतर पाणी त्यांच्या बेडरूममध्ये जायचं. एवढा वेळ बाथरूम बंद राहणार, हे आधी सांगून वेळ ठरवा. साठवलेल्या पाण्याची पातळी उतरली नाही तर फरशी निर्दोष, मग ट्रॅपच्या पुढच्या पाइपात रंगीत पाणी सोडून बघायचं. रंग खाली उतरायला वेळ लागतो, आणि भरावातून येताना तो गाळलाही जातो. रंग दिसला नाही म्हणून लगेच कुणाला निर्दोष ठरवू नका.

एक इशारा. पाणी ज्या जागी दिसतं त्याच जागेच्या वर गळती असेल असं नाही. ठाण्यातल्या एका घरात वरच्या कुटुंबाने बाथरूम पार फोडून नवं केलं, चांगले पैसे घातले, तरी खालची ओल जशीच्या तशी. शेवटी दोष निघाला त्यांच्या स्वयंपाकघरातल्या सिंकच्या पाइपाचा. पाणी स्लॅबमधल्या वायरिंगच्या नळीतून वाट काढत थेट खालच्या बाथरूमच्या कोपऱ्यात यायचं. म्हणून बाथरूम फोडायच्या आधी ड्राय बाल्कनीत (स्वयंपाकघराला लागून असलेल्या धुण्याभांड्यांच्या जागेत) वॉशिंग मशीनचं पाणी कुठे सोडलंय, सिंकचा पाइप कुठून जातो, हेही बघायला लावा. ड्राय बाल्कनी नावाचीच ड्राय राहते. तिला उतारही नसतो आणि बऱ्याचदा वॉटरप्रूफिंगही नसतं.

वरच्यांनी गेल्या काही वर्षांत बाथरूमचं नूतनीकरण केलंय का, हेही सहज विचारा. जुनी फरशी ब्रेकरने उखडताना खालचा कोबा तडकणं फार सामान्य आहे. असल्या कामाला सोसायटीची परवानगी घ्यायची असते. घेतली होती का, तेव्हा काम कुणी केलं, हे सेक्रेटरींच्या फायलीत असायला हवं.

खर्चाचं उत्तर पाण्याच्या उत्तरातच दडलंय. आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, बाहेरच्या भिंती, पावसाच्या पाण्याची गळती, सामाईक पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइन, स्लॅबची स्ट्रक्चरल दुरुस्ती हे सोसायटीच्या खर्चाने. फ्लॅटच्या आतली टॉयलेट, सिंक वगैरेंची गळती संबंधित सभासदाच्या खर्चाने, सोसायटीला कळवून. म्हणजे ट्रॅप आणि फरशी वरच्यांची, डक्टमधला उभा पाइप सोसायटीचा. वाद होतो तो मधल्या आडव्या तुकड्यावरून. काही जुन्या बांधकामांत हा तुकडा स्लॅबच्या खाली, म्हणजे चक्क तुमच्या बाथरूमच्या छताला लटकलेला असतो. तो वापरतात फक्त वरचे, म्हणून माझ्या मते खर्च त्यांचाच. पण काम तुमच्या घरात करावं लागणार आणि तुम्हाला दार उघडावं लागणार. तिथे माळा किंवा फॉल्स सीलिंग करून तुम्ही तो पाइप झाकला असेल, तर ते उघडण्याचा त्रास तुमच्या वाट्याला येतो.

सेक्रेटरींचं "तुमचं तुम्ही मिटवा" मात्र अर्धवट आहे. खर्च सभासदाचा असला तरी तपासणी घडवून आणणं कमिटीचं काम आहे. फ्लॅटची स्थिती बघण्यासाठी सूचना देऊन सेक्रेटरींना कमिटीच्या सदस्यासोबत आत जाता येतं, तशी तरतूद उपविधींत आहे. शिवाय स्लॅबला धोका असेल तर विषय दोन सभासदांचा राहतच नाही. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, ५ वर्षांतून एकदा, त्यापुढच्या इमारतीचं ३ वर्षांतून एकदा करायचं, असं आदर्श उपविधी सांगतात. तुमची इमारत २८ वर्षांची. शेवटचं ऑडिट कधी झालं, हा प्रश्न पत्रात जरूर विचारा. लीकेजपेक्षा या प्रश्नाने कमिटी लवकर हलते, हा माझा अनुभव.

एक गोष्ट मात्र आधी तपासून घ्या. पुण्यात ज्याला सगळे "सोसायटी" म्हणतात ती पुष्कळदा सहकारी सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचं अपार्टमेंट असते. मेंटेनन्सचं बिल प्रत्येक फ्लॅटला वेगवेगळ्या टक्केवारीने येत असेल तर तसा संशय घ्या आणि नोंदणीचा कागद बघा. अपार्टमेंट असेल तर वर सांगितलेल्या उपविधींऐवजी तुमचं डिक्लेरेशन (अपार्टमेंटचं नोंदवलेलं घोषणापत्र) आणि त्याचे नियम वाचावे लागतील. पाणी शोधायची पद्धत अर्थात तीच.

आता पैशांचं. कमिटी टाळाटाळ करते त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं की तिजोरीत काही नाही. आदर्श उपविधींत दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव गंगाजळी, किमान ०.२५ टक्के धरलाय, जमिनीची किंमत सोडून. फ्लॅटचा बांधकाम खर्च १२ लाख धरला तर वर्षाला ९,००० आणि ३,००० रुपये, म्हणजे महिन्याला ७५० आणि २५०. लहान सोसायट्यांत मेंटेनन्स कमी ठेवायची चढाओढ असते, त्यात या दोन ओळी बिलातून आधी गायब होतात. मग डक्टमधला पाइप फुटला की प्रत्येकी वीस हजार काढा म्हणून सभा भरते आणि निम्मे लोक येत नाहीत. तुमच्या बिलावर या दोन ओळी आहेत का, बघा. नसतील तर ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेत हा विषय मांडा. आजच्या गळतीला त्याचा उपयोग नाही, पण दोन वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या छताला होईल.

आता जे तुम्ही विचारलं नाही पण ज्यावर सगळं अडलंय ते. ग्रुपवर टाकलेले फोटो. तुमच्या दृष्टीने तो पुरावा, वरच्यांच्या दृष्टीने सोळा घरांसमोर काढलेली लाज. ग्रुपवर आरोप झाला की माणूस गळतीबद्दल बोलत नाही, इज्जतीबद्दल बोलतो. तेव्हा ग्रुपवर एवढंच लिहा: "छताच्या ओलीचं कारण अजून कळलेलं नाही. फोटो टाकण्याआधी मी वरच्या घरी बोलायला हवं होतं. तपासणी झाल्यावर कमिटीला कळवतो." सारवासारव, स्मायली, काही नको. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास वर जा. रविवारी सकाळी नको, जेवायच्या वेळी नको. एकटे जा किंवा घरातल्या कुणाला सोबत घ्या, कमिटीचा माणूस नको. तो आला की ती धाड वाटते.

त्यांना म्हणा, "काका, काकू, एकदा खाली येऊन बघता का? चहाही घेऊ." हे वाक्य मी सगळ्यांना सांगतो, कारण वरच्या मजल्यावरच्या लोकांनी खालचं छत बहुतेक वेळा प्रत्यक्ष पाहिलेलंच नसतं. फोटोत डाग लहान दिसतो. बाथरूममध्ये उभं राहून मान वर केली, गंजलेली सळई दिसली, टपकणारा थेंब खांद्यावर पडला की बोलण्याचा सूर बदलतो. तिथे त्यांना दोष देऊ नका. "कुठून येतंय ते दोघं मिळून शोधू" एवढंच म्हणा, आणि तपासणीच्या प्लंबरचे पैसे अर्धे-अर्धे करायची तयारी दाखवा. ती रक्कम फार नसते, पण "तुमचीच चूक" पासून "बघू या" पर्यंतचा रस्ता तिने कापला जातो.

आणि वरचे नकार का देतायत, याचाही अंदाज घ्या. पैसे हे कारण वाटतं तेवढं नेहमी नसतं. वन बीएचके असेल, घरात वॉकर घेऊन चालणारे आजोबा असतील, तर आठ-दहा दिवस बाथरूम बंद ठेवणं म्हणजे त्यांच्यासाठी संकटच. ट्रॅप बदलून फरशी नव्याने करायची तर फोडकाम, पाइप, वॉटरप्रूफिंगचे थर, मग ४८ तास पाणी साठवून बघणं, त्यानंतर फरशी, आणि वर ते सुकायचे दिवस. पाणी साठवून बघायची पायरी कंत्राटदार गाळायला बघतो. तिथे तुम्ही आणि त्यांनी दोघांनी हट्ट धरा. तेवढे दिवस आंघोळीला आमच्याकडे या, असं तुम्ही म्हणालात तर अर्धं काम झालं. तुमच्या बाथरूममध्ये वरून थेंब पडतायत हे खरं, पण बादलीभर पाण्याची सोय होतेच.

काम ठरलं की बाकीच्या घरांचाही विचार करा. जिन्यात आदल्या दिवशी चिठ्ठी लावा: कुठल्या तारखा, किती ते किती फोडकाम. दुपारी दोन ते चार ब्रेकर बंद. राडारोडा गोण्यांत भरून त्याच दिवशी खाली, आणि खाली म्हणजे पार्किंगमध्ये नव्हे, थेट टेम्पोत. पहिल्या मजल्यावर तान्हं मूल असेल तर त्या घरी तोंडी सांगून या. एवढं केलं की एरवी तक्रार करणारेही प्लंबरचा नंबर मागायला येतात.

तपासणीच्या दिवशी एक कागद करून घ्या, साधा वहीतला चालेल. मी असा मसुदा देतो: "आज दि. ___ रोजी फ्लॅट क्र. ___ (वरचा) व क्र. ___ (खालचा) येथील बाथरूमची तपासणी दोन्ही सभासद व सेक्रेटरी यांच्या समक्ष झाली. वरच्या बाथरूमच्या फरशीवर ___ तास पाणी साठवले. खाली ___ तासांनी ओल वाढली / वाढली नाही. प्लंबरच्या मते गळती ___ येथून आहे. दुरुस्ती दि. ___ पूर्वी करण्याचे ठरले. खर्च ___ यांनी करायचा." खाली तिघांच्या सह्या. यात "दोषी", "निष्काळजीपणा" असले शब्द कुणी घुसवायला लागलं तर थांबवा. कारण हाच कागद पुढे गरज पडली तर उपनिबंधकांकडे (सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांकडे) किंवा सहकार न्यायालयात तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा असतो, आणि तो भक्कम असतो तो त्यावर वरच्यांचीही सही असल्यामुळे.

एवढं करूनही ते दार उघडत नसतील तर क्रम असा: कमिटीला लेखी अर्ज, पोच घेऊन. पंधरा दिवसांत हालचाल नाही तर स्मरणपत्र. सोबत स्ट्रक्चरल इंजिनिअरचा एक पानाचा अहवाल, सळई गंजली आहे का एवढ्यापुरता. मग उपनिबंधकांकडे कमिटीविरुद्ध तक्रार, कारण कमिटी आपलं काम करत नाही. वरच्या सभासदाविरुद्धचा वाद सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात. महापालिकेकडेही गळतीची तक्रार करता येते. वकिलाची नोटीस शेवटी. पहिल्याच आठवड्यात नोटीस पाठवणाऱ्यांची भांडणं मी वर्षानुवर्षं चाललेली पाहिलीत, आणि तोवर स्लॅबच्या सळ्या गंजत राहतात. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्या दाबाने खालचं काँक्रीट सुटतं. मग प्लास्टरचं काम सळ्यांचं होऊन बसतं आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो.

तोवर छताला खालून कुठलंही वॉटरप्रूफ केमिकल मारू नका. दुकानदार देतील, टीव्हीवर जाहिरातही असते. वरून येणारं पाणी खालून अडवलं की ते स्लॅबमध्येच कोंडतं आणि सळईला आणखी खातं. सुटलेले पोपडे मात्र खरवडून काढा, डोक्यावर पडायची वाट बघू नका. वरचं काम झाल्यावर छताला श्वास घेऊ द्या, भराव सुकायला वेळ लागतो. रंगवायच्या आधी एक फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून छताला चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आतून दव धरलं असेल तर अजून थांबा. कोरडा असेल तर सळई साफ करून तिला गंजरोधक थर, त्यावर पॉलिमर मिसळलेलं प्लास्टर, आणि मगच रंगाऱ्याला बोलवा. प्लास्टर आणि रंगाचा खर्च कुणाचा हेही त्या तपासणीच्या कागदावर आधीच लिहून घेतलं असेल तर रंगारी आल्यावर नवीन भांडण नको.